दिल्लीहून किती तास?

कोणी परदेशातल्या मुलाचं कौतुक सांगू लागलं, की नाना त्याचा पगार विचारत नसत, नातवंडांची नावंही नाही. पान गालात सरकवून एवढंच विचारत, “दिल्लीहून किती तास?” समोरचा हौसेने सांगे, “लंडन ना? थेट विमान आहे, नऊ तास.” नाना जुन्या पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर ते टिपून घेत आणि म्हणत, “म्हणजे दोन दिवस.”

नाना माझे सख्खे काका. स्वतः कधी विमानात बसले नाहीत. नदीकाठच्या बालाजी घाटाजवळच्या गल्लीत राहून त्यांनी आयुष्यभर लोकांची अंत्यकर्मं चालवली. मुलगा असताना अग्नी दुसऱ्याने द्यायचा नाही, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे कुठलं शहर किती लांब, हे त्यांना मुलगा येईपर्यंत प्रेताखाली लागणाऱ्या बर्फाच्या लाद्यांवरून कळे. “मोबाइलवाले फक्त हवेतले तास सांगतात, सुधा. छुट्टी मिळणं, तिकीट मिळणं, दिल्लीत बसून राहणं, मग बाबतपूरच्या विमानतळावरून इथे मैदागिनपर्यंतचा जाम, ते कोण जोडणार?”

माझे वडील गेले तेव्हा भाऊ सिडनीत होता. मोबाइलवर पाहिलं, बारा तास आणि वर काही मिनिटं. मला धीर आला. प्रत्यक्षात तिसरा दिवस उजाडला. बर्फवाल्याला फोन करायचा, खालचं पाणी पुसायचं, ओली चादर बदलायची, हे सगळं मीच करत होते. दुसऱ्या दुपारी न राहवून म्हटलं, “नाना, मी देते ना अग्नी. मीही त्यांचीच आहे.”

समोर बर्फावर त्यांचा स्वतःचा पाठचा भाऊ होता, रडून नानांचे डोळे सुजले होते, तरी ते म्हणाले, “लडका निघालाय ना? मग थांबायचं.”

मला त्यांचा फार राग आला. भाऊ पोहोचला तेव्हा उभ्या उभ्या पेंगत होता. बाबांचा चेहरा त्याला ओळखू येईना. त्यानंतर नानांनी कोणाला तास विचारल्याचं मी ऐकलं नाही.

गेल्या हिवाळ्यात नानांनी अंथरूण धरलं. काकू आधीच गेलेली, एकुलता शेखर टोरंटोत. शाळेत शिकवून झालं की मी त्यांच्याकडे जाऊन बसे. एकदा त्यांनी माझा हात धरला.

“शेखरसाठी मला बर्फावर ठेवू नकोस. बस झालं. तू दे.”

“आणि बाबांच्या वेळी?” मी विचारलंच.

“तेव्हा चुकलो गं. तुला उगाच बसवून ठेवलं.”

आठवड्याभरात ते गेले. सकाळी गेले, दुपारी मी अग्नी दिला. गल्लीतले दोघं-तिघं कुरकुरले, पण वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. शेखर तेव्हा विमानातही बसला नव्हता.

तो तिसऱ्या दिवशी आला. खांद्यावरची बॅगही न उतरवता दारातूनच म्हणाला, “थांबली का नाहीस, ताई?”

मी नानांचं पंचांग त्याच्या हातात दिलं. मागच्या पानावर टोरंटोसमोरचे चौदा तास खोडलेले होते. खाली थरथरत्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘शेखर दमून येईल. त्याला काही विचारू नये. आधी जेवू घालावे.’

शेखर उंबऱ्यावरच बसला. मी आत जाऊन पिठलं-भात गरम करायला ठेवला.