सुषमाच्या बागेला लावलेले टेकू

"वाकून तर राहिली सर, पण वरचं आवरण किती वेगानं वाढते ते समजत नाही. आज हिशोब जमला नाही तर माझं वर्ष गेलं, कारण..."

एवढं ऐकलं आणि शेजारच्या सुषमानं मिक्सर सुरू केला. आता माझं शहाणपण ऐकाच. मी काही भिंतीला कान लावून उभी नव्हती. कपडे वाळत घालत होती, थोडी भिंतीच्या बाजूनं.

बोलत होती सुषमाची पल्लवी. पुण्यात पीएचडी करते, सुट्टीत पांढुर्ण्याला आलेली. मोहगावला त्यांची संत्र्याची बाग, आणि पल्लवीचे बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला. मला लगेच समजलं. फळाच्या वजनानं फांद्या वाकल्या, संत्र्याची साल धरेना, वर्षाचा बहार चालला. पोरगी बिचारी कोण्या कृषीवाल्या साहेबाला विचारून राहिली.

मी यांना म्हटलं, "बांबू काढा. मोहगावले जाचं हाय."

"सुषमावैनीले विचारलं का?"

"आग लागल्यावर विचारत बसता का तुम्ही?"

बागेत फांद्या तर सरळ दिसल्या. मी म्हटलं, म्हणजे आपण वेळेवर पोचलो. दुपारपर्यंत वीस टेकू लावले. मग उरलेला बांबू घेऊन लंगडत सुषमाच्या घरात शिरली. पल्लवी लॅपटॉपसमोर, त्यात तिचे सर.

"बाई, रडू नको. बाग वाचवली तुयी."

"बागेले काय झालं काकू?"

मी भिंतीपलीकडून ऐकलेलं सांगितलं. मग तिनं तिचा अभ्यास सांगितला. आपल्या शरीरातल्या पेशीची कातडी आत वाकते, तिच्यावर प्रोटीनचं आवरण चढते, पिशवी होऊन आत जाते. वाकणं किती वेगानं, आवरण वाढणं किती वेगानं, हे तिला थांबलेल्या फोटोंवरून काढायचं. म्हणजे लग्नाचा अल्बम पाहून नवरदेव किती भरभर जेवला ते सांगायचं.

"मंग जमलं का तुयं?"

"आत्ताच जमलं. सर हो म्हणाले."

माझा जीव भांड्यात पडला. सुषमा मात्र बांबूकडे पाहत होती. "शोभाताई, फळं अजून लिंबाएवढी हायत. फांद्या वाकतीनच कशा?"

"एक वाकली होती," मी म्हटलं.

"कोणती?"

"ज्या फांदीवर मी चढली होती."

लॅपटॉपमधून सरांनी विचारलं, "ताई, वाकायला वेळ किती लागला?"

"मोजता नाही आला सर. आधी मीच खाली आली."