मामांची नसलेली साडी

आमच्या हिच्या मामांना हात न हलवता बोलायला लावणारा माणूस अजून खानदेशात जन्मायचाय. धुळ्यातल्या एका कापडदुकानात त्यांनी पस्तीस वर्षं साड्या दाखवल्या. कशा? स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून, कमरेशी निऱ्या धरून, मिशीसकट! त्यामुळे कढी कशी झाली होती हे सांगतानाही त्यांचा हात ढवळत असतो, आणि बस कशी चुकली हे ते धावून दाखवतात. एकदा आमच्या पिंप्राळ्याच्या घरी त्यांनी म्हैस उधळल्याची हकीकत सांगितली; त्यात आमचा काचेचा टीपॉय गेला. वर मलाच ऐकवलं, "जावईबापू, म्हैसच तशी होती!"

दुकानातून निवृत्त झाल्यावर हा माणूस हिच्या ऑनलाइन नाटकमंडळीत घुसला. ही धरून चौघं, चार गावांत. रविवारी लॅपटॉपवर जमतात, बघणारे विषय देतात आणि ही मंडळी संहितेशिवाय, जागच्या जागी विनोदी प्रसंग रचतात. सगळे खुर्चीत बसून तोंडाची वाफ दवडणारे. मामा उभे! पहिल्याच प्रयोगात ते विहिरीत पडले आणि पडद्यावर उरली नुसती भिंत आणि तिच्यावरचं कॅलेंडर. खाली फरशीवर मामा जीव तोडून पोहत होते, म्हणे. पुढच्या खेपेला डोकंच गायब. शेवटी हिने मन घट्ट करून सांगितलं, "मामा, या रविवारी पुन्हा चौकटीबाहेर गेलात, तर बाकीचे तुम्हाला ठेवणार नाहीत. माझ्या हातात काही नाही."

दोन दिवस मामांनी फोन उचलला नाही. मला वाटलं, रुसले. छे! शिंप्याच्या खडूने त्यांनी फरशीवर चौकटीच्या रेघा आखल्या होत्या. जरा इकडेतिकडे झालं की लॅपटॉपमागून मामी ओरडायच्या, "हात कटी गया!"

रविवारी कुणीतरी विषय दिला, लग्नाचा बस्ता. मी मनात म्हटलं, आता हा माणूस अख्खं दुकान अंगावर घेणार! पण मामा रेघांच्या आत पाय रोवून उभे. त्यांनी नसलेल्या कपाटातून नसलेली साडी काढली, घडी झटकली आणि पदर फेकला. कुठल्या बाजूला? लॅपटॉपवर एकाच माणसाची खिडकी कुणाच्या पडद्यावर डावीकडे, कुणाच्या उजवीकडे. म्हणून थेट कॅमेऱ्याच्या भिंगात! इकडे माझी बायको खुर्चीतून उठली आणि तिने तो झेलला. मग नाशिकने झेलला, जामनेरने झेलला, शिरपूरने झेलला. चौघांनी मिळून असा ओढला की मामा घसरत घसरत पुढे, पडद्यावर नुसती मिशी! मग त्यांनी मागे एकच हिसका दिला आणि चौघंही आपापल्या कॅमेऱ्यावर येऊन आपटले. हसून हसून माझ्या डोळ्यांना पाणी आलं. त्यानंतर प्रयोग संपेपर्यंत कुणी खुर्चीला पाठ लावली नाही. "मामा, पुढच्या रविवारपासून सगळेच उभे!" ही ओरडली. जिंकले की हो मामा!

बाकीचे गेले, तरी मामांची खिडकी चालूच. ते त्या साडीची घडी घालत होते, काठाला काठ जुळवून. साडी उघडी टाकून उठायचं नाही, ही दुकानातली सवय. मी हिच्या शेजारी वाकून विचारलं, "मामा, कसं वाटलं?"

त्यांचे हात थांबले. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

"पस्तीस वर्षं अंगावर साडी लावून उभा राहिलो, जावईबापू. गिऱ्हाईक साडीकडे बघायचं. आज साडीच नव्हती ना... सगळ्यांनी माझ्याकडे... बठ्ठास्नी मनाकडेच देखं."