हरिबाचं ‘मंजूर’

आमच्या तमाशाच्या फडात हरिबाला जन्मभर चोपदाराचंच काम मिळालं. पण काय आवाज, मायबाप! वडूजच्या जत्रेत त्यानं “महाराज येत आहेत!” अशी ललकारी दिली की पानाच्या टपरीवरची माणसंसुद्धा मान वळवायची.

फड मोडला आणि तो आवाज आमच्या भागातले पुढारी भाऊसो यांच्या सहकारी बँकेनं उचलला. वार्षिक सभेत ठराव वाचला की पहिलं “मंजूर!” हरिबानं ओरडायचं, मग अख्खं सभागृह ओरडतं. त्या बदल्यात त्याची नात अक्षता विश्रामबाग शाखेत कंत्राटी कारकून झाली. घर तिच्याच पगारावर.

यंदा मात्र घोळ झाला. भाऊसोंच्या सूतगिरणीचं कर्ज बुडालं, संचालक मंडळ गेलं, सरकारनं प्रशासक बसवला. सांगलीच्या सभेला जाताना एसटीत हरिबा मला छळत होता.

“कर्जाला हमी सरकारचीच व्हती न्हवं?”

“व्हय.”

“मग सरकारनं भरलं का न्हाई?”

“मला काय ठावं, गड्या.”

“आन् आता सायब बी सरकारचाच. मग म्या वरडायचं कुणाच्या बाजूनं?”

सभेत प्रशासक साहेब व्यासपीठावर, भाऊसो पहिल्या रांगेत. साहेबांनी वाचलं, “सूतगिरणीचं कर्ज बुडीत धरून सोडून द्यावं...” आणि पाणी प्यायला थांबले. भाऊसोंनी मागं वळून भुवई उडवली.

“मंजूर!” हरिबा गरजला. सभागृह दणाणलं.

साहेबांनी पेला खाली ठेवला. “...आणि तो तोटा भरून काढण्यासाठी कंत्राटी कर्मचारी कमी करावेत. ठराव मंजूर. अनुमोदक, हरिबा.”

“थांबा! मागारी घ्या ते!”

“आवं, तुमीच की वरडला!” शेजारचा म्हणाला. हशा पिकला.

जेवणाच्या पंगतीत हरिबानं भाऊसोंना गाठलं.

“हरिबा, बँक आता माझी कुटं हाय? सायबास्नी भेट.”

साहेब गाडीत बसत होते. “बाबा, ठराव सभेचा आहे. मी फक्त अंमल करतो.”

गाडी गेली. हरिबा तिथंच उभा.

“सभा म्हंजी कोन रं?”

“आपून,” मी म्हणालो.

“पर आपल्याला तर कुनी काय इचारलंच न्हाई.” त्यानं टोपी काढली, परत घातली. “चल विश्रामबागला. दुसऱ्या कुनाकडनं कळायच्या आत पोरीला गाठू.”

“तिला सांगनार काय?”

तो चार पावलं गेला, थांबला. “पयलं ‘मंजूर’ म्याच वरडलो, हेच.”