दारातली खुर्ची

मला पहिली नोकरी लागली ती मालकाला पुण्य मिळावं म्हणून. माझं शिक्षण, माझा हात, माझी चिकाटी यांचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

बीडला कोर्टाच्या मागच्या गल्लीत अपंगांना धंदेशिक्षण देणारं एक केंद्र होतं. दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड. उजव्या पायाला लहानपणीच पोलिओ झालेला, मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी कॅलिपर आणि नाकावर कायम राग, एवढं भांडवल घेऊन मी चौसाळ्याहून तिथं दाखल झालो. खडू, मेणबत्त्या, वेताच्या खुर्च्या आणि शिवणकाम, यातलं काय ते निवडायचं होतं. जिल्ह्यातल्या शाळांत फळे होते त्यापेक्षा खडू करणारे जास्त झाले होते. वेताच्या खुर्च्या शिकवणाऱ्या शेडमध्ये पाहुण्यांना बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या, त्यावरून त्या धंद्याचं भवितव्य मला कळलं. मी शिवण धरलं.

शिकवणारे सर स्वतः एका हाताने अधू होते आणि दुसऱ्या हाताने टपली मारण्यात तरबेज. त्यांची एक रीत होती: आधी स्वतःच्या अंगाचे कपडे शिवायचे, मग जगाचे. आता आमच्या वर्गात दोन्ही पाय सारखे असलेला माणूस औषधालाही नव्हता. त्यामुळे बाहेरचा शिंपी कापड दुमडून दोन्ही पाय एकदम कापतो, तसं आमच्याकडं चालायचं नाही. एकेक पाय वेगळा मापायचा, वेगळा कापायचा. मी सगळ्या पँटी स्वतःच्याच शिवल्या. डावा पाय सरळ, उजवा दोन बोटं आखूड आणि खाली कॅलिपर जाईल इतका घोळदार. शेवटी शेवटी हाताला ते इतकं बसलं की उजवा पाय मी न बघता कापत असे. मशीन चालवायला तर एक पाय पुरतो.

शिक्षण संपल्यावर सर आमच्यासाठी दुकानोदुकान फिरायचे. कुणी पाणी द्यायचं, कुणी उद्या या म्हणायचं. बाजारातल्या एका कापडवाल्याने मात्र एका दमात हो म्हटलं. त्यांना सगळे अप्पा म्हणत. कपाळाला भस्माचे पट्टे, सोमवारचा कडक उपास, महिन्याला एकदा कपिलधारला दर्शन, आणि जीभ अशी की समोरच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा त्यांचा आवाज ऐकून उठून जात. दुकानाच्या ओट्यावर टेलरमास्तर मशीन घेऊन बसत आणि शेजारी दुसरं मशीन रिकामं होतं. ते माझंच, असं मी मनात धरून चाललो होतो.

पहिल्या दिवशी अप्पांनी दारात एक नवी कोरी खुर्ची मांडली. वर उशी.

"बसा."

"अप्पा, मशीन तिकडं हाय."

"मशीनचं मास्तर बघतेत. तुमी बसा. देवानं आधीच तुमाला कमी दिलंय, त्यात आमी काम करून घ्यायचं म्हंजे लई पाप. पगार मिळंल, चहा मिळंल. फक्त लोकांना दिसाल असं बसा."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी तर एकाच तळपायाची होती, पण पोचली.

मग मी बसलो. दुसरं करणार काय? परत गेलो असतो तर घरच्या ओसरीवर बसावं लागलं असतं, आणि तिथं पगार नव्हता. येणारीजाणारी माणसं आधी माझ्याकडं बघायची, मग कापडाकडं. बायका माझ्या मांडीवर केळं ठेवून आत जायच्या. एका आजीने तर नातवाचं डोकं माझ्या कॅलिपरला टेकवलं. पोरगं रडलं, आजी प्रसन्न झाली. योगायोगाने त्याच दिवसांत दुकानाची विक्री वाढली आणि अप्पांची खात्रीच पटली. शेजारचा भांडेवाला थेट केंद्रात जाऊन सरांना म्हणाला, "आमाला बी एक द्या दारात बसवायला. शक्यतो आंधळा."

आत मात्र खरं दुकान चाले, आणि मी ते कान लावून ऐकत असे. अप्पा सगळ्यांना झोडपायचे. "अबे, ते ठाण काय तुझ्या बापानं विणलंय का, असं फेकतो?" "डोळे काय घरी ठिवून आला का बे?" गडी खाली मान घालून हसायचे आणि कामाला लागायचे. शहरात तेव्हा रेडिमेडची दुकानं निघायला लागली होती, आणि तो सगळा राग अप्पा टेलरमास्तरांवर काढायचे. मास्तर सुया तोंडात धरून सगळं ऐकून घ्यायचे आणि दुपारी अप्पांच्याच डब्यातली भाकरी खायचे. मला त्या माणसांचा हेवा वाटायचा. खोटं कशाला सांगू, अप्पांनी मला एकदा तरी "बे" म्हणावं यासाठी मी झुरत होतो.

एकदा तर मी मुद्दाम चहाची कपबशी एका पांढऱ्या ठाणावर उलटी केली. अप्पा धावत आले. मी मान खाली घालून तयार राहिलो.

"राहू द्या, राहू द्या," अप्पा म्हणाले, "तुमाला भाजलं तर न्हाई ना?" आणि वळून ओरडले, "मास्तर! ठाण हितं कावून ठिवलं बे?"

पुढं एका सोमवारी सर चौकशीला आले. माझ्या मांडीवर केळी, पायाशी एक सुटा नारळ. सरांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"ही नोकरी न्हाई," ते म्हणाले, "हे देवस्थान हाय. तू असाच बसलास तर उद्या समदा बाजार माझ्याकडं मूर्तीच मागंल, कामगार कुणी मागणार न्हाई. पुढच्या सोमवारी येतो. मशीनवर दिसला न्हाईस तर उचलून खडूत घालतो."

मी अप्पांना पुन्हा विचारलं. त्यांनी कानावर हात ठेवले. आठवडा तसाच गेला.

तो सोमवार उजाडला तेव्हा अप्पा घरच्यांना घेऊन जीपने कपिलधारला गेले होते. टेलरमास्तर सासुरवाडीला जाऊन अडकले होते. लग्नसराई असल्याने गडी गिऱ्हाइकात बुडालेले. अशात एक नवरदेव धापा टाकत आला. दुसऱ्या दिवशी लग्न आणि त्याच्या पँटीचं कापड मास्तरांकडं तसंच पडलेलं.

"कुणी शिवणारं हाय का न्हाई?"

मी खुर्चीतून उठलो. मांडीवरची केळी घरंगळत रस्त्यावर गेली. नवरदेवाचं माप घेतलं, कापड पसरलं, कात्री चालवली आणि मशीनवर बसलो. किती दिवसांनी पायाखाली पायटा हलला! मी गुणगुणत होतो, माझा आवाज अतिशय वाईट असूनही. संध्याकाळी पँट इस्त्रीसकट तयार होती.

नवरदेव ती घालून आरशासमोर उभा राहिला. डावा पाय झक्क. उजवा पाय घोट्याच्या वर, आणि खाली एवढा घोळ की त्यात कोंबडी बसावी. माझ्या हाताने आपली सवय पाळली होती. नवरदेवाने पँट पाहिली, मग वाकून स्वतःचा पाय पाहिला, दोन्ही टाचा जुळवून पाहिल्या आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "माझा ह्यो पाय आसा कवापासून हाय हो?"

नेमकी तेव्हाच जीप दारात थांबली. अप्पा उतरले. त्यांनी नवरदेव पाहिला, मशीन पाहिलं, मला पाहिलं. कपाळावरचे भस्माचे पट्टे वर सरकले.

"अबे एऽऽ! त्याच्या पायाला काय तुझं लोखंड बांधलंय का बे? लगीन त्याचं हाय का तुझं? माणसाचे दोन पाय सारखे असतेत एवढं बी ठावं न्हाई का तुला?"

बाजार थांबून ऐकत होता. आजवर माझ्या पायाबद्दल सगळे आवाज खाली करून बोलले होते. हा पहिला माणूस जो त्यावरून बोंबलत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडभर हसू. इतका आनंद मला केंद्राचा दाखला घेतानासुद्धा झाला नव्हता.

"हसतो कावून बे? ऊठ! न्हाई, बस! मशीनवरच बस. तो पाय नीट होईस्तोवर हलला तर बघ!"

मी आखूड पायाची खालची दुमड उसवली, घोळ आत घेतला. अप्पा डोक्यावर उभे राहून बोलतच होते. मध्येच मी वर पाहिलं. रस्त्यावर सर सायकल धरून उभे होते. ते ऐकत होते, गाणं ऐकावं तसं. आत न येताच त्यांनी सायकल वळवली.

बोलून बोलून अप्पा दमले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. ते दारातल्या खुर्चीत, उशीवर जाऊन टेकले आणि त्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात ती नातवाची आजी आली. तिने सवयीप्रमाणे हात जोडले, खुर्चीतल्या माणसाच्या मांडीवर एक केळं ठेवलं आणि न बघता आत गेली.

अप्पांनी डोळे उघडून केळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. उपासाला केळं चालतं. त्यांनी ते सावकाश सोलून खाल्लं, साल माझ्या दिशेने भिरकावलं आणि ओरडले, "बघतो काय बे? पाय चालव!"