फुसाएच्या पोटावरचा व्रण

जपानमधल्या अकिताच्या किनाऱ्यावरच्या एका गावात फुसाए किमोनो शिवायची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. नवरा शिगेजी सुतार, तोही तसाच. दोघांचं बोलणं हातांनी, आणि भांडणंही. फारच चिडला की शिगेजी दिवा मालवायचा, म्हणजे हिचं तोंड बंद!

लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात तिला दिवस गेले. शिगेजीनं लगेच पाळण्यासाठी लाकूड निवडलं. फुसाएची आई मात्र बातमी कळल्यावर हसली नाही. काही दिवसांतच थोरली बहीण इसोको तिला 'तपासायला' म्हणून दवाखान्यात घेऊन गेली. फुसाए शुद्धीवर आली तेव्हा पोटाला पट्टी होती.

"मूल दगावलं," इसोकोनं मोडक्यातोडक्या खुणांनी सांगितलं. "पुन्हा होईल."

पुन्हा झालंच नाही. दर नव्या वर्षी दोघं देवळात मागणं मागत राहिली. मग तिनं इसोकोच्या पोरांचे कपडे शिवण्यात जीव रमवला. पुढे शिगेजीही गेला. घरात तिच्याशी बोलणारे हात उरले नाहीत.

सत्तरी ओलांडल्यावर बहिऱ्यांच्या मंडळात एक बाई भेटली. 'सदोष' माणसांना मुलं होऊ नयेत म्हणून पूर्वी कायदाच होता, न विचारता शस्त्रक्रिया करायचे, असं ती सांगत होती.

"तुझ्या पोटावर व्रण आहे?" तिनं विचारलं.

फुसाए तडक बहिणीकडे गेली. इसोको मुळा चिरत होती.

"माझं मूल दगावलं नव्हतं ना?"

इसोकोनं सुरी खाली ठेवली. "आईनं ठरवलं. डॉक्टर म्हणाले, पोर बहिरं निघेल. कायदाच होता गं तसा."

"बहिरं निघालं असतं तर माझ्याशी बोललं असतं."

फुसाएनं सरकारवर खटला भरला. तो वर्षानुवर्षं रखडला. शेवटी न्यायाधीशांनी सांगितलं, हा कायदा पहिल्या दिवसापासूनच घटनेविरुद्ध होता. दुभाष्यानं ते हातांनी सांगताच कोर्टात जमलेल्या बहिऱ्यांनी हात उंचावून हलवले. त्यांच्या टाळ्या त्याच.

"आता बरं वाटतंय?" एका पत्रकारानं दुभाष्याकरवी विचारलं.

"ज्याला सांगायचं, तो नाही," फुसाए म्हणाली.

नव्या वर्षाला इसोको आपणहून आली. फुसाएनं तिला आत घेतलं, चहा ओतला. इसोकोनं कप बाजूला ठेवला. मग हात उचलला, पण माफीची खूण काही तिला जमेना. निघताना बर्फ पडू लागला होता. फुसाएनं तिला छत्री दिली आणि दार लावून घेतलं.