रात्रीची गोळी

संशय घेणं हे माझं काम आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. नव्या औषधाची चाचणी जिथे रुग्णांवर चालते, त्या दवाखान्यात जायचं आणि सांगितलंय तसंच सगळं घडलंय का, हे तपासायचं. आई म्हणते, "भाजीवालीच्या तराजूकडंबी तू असंच बघतीस." बघतेच.

मागच्या वर्षी मी या कामाच्या प्रमाणपत्राची परीक्षा देणार होते. त्यासाठी साहेबांचं अनुभवाचं पत्र हवं होतं, आणि साहेबांना तक्रारी अजिबात खपत नसत.

नेमकी तेव्हाच बेळगावच्या एका दवाखान्यात रक्तदाबाच्या नव्या गोळीची तपासणी आली. एक गोळी सकाळी, एक झोपताना. चिकोडीकडच्या एका आक्कांनी परत आणलेली सगळी पाकिटं रिकामी होती, एकही गोळी चुकलेली नाही. दुसरं कुणी खूश झालं असतं. पण आक्का आमच्यासारख्याच जैन घरातल्या. माझी आई दिवस मावळला की पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. मग यांनी झोपताना गोळी गिळली कशी? मला वाटलं, दवाखान्यानंच पाकिटं फोडून गोळ्या कचऱ्यात टाकल्या.

तसं विचारल्यावर डॉक्टर भडकले. "आक्का बाहेरच बसल्यात. त्यांनाच विचारू, आणि मग तुमच्या साहेबांना फोन लावतो." पत्र हातचं गेलं, असं वाटलं. तरी मी उठले नाही.

आक्का आत आल्या. डॉक्टरांनी रात्रीच्या गोळीचं विचारलं.

"रात्री? न्हाय बा. दिवस बुडल्यावर मी तोंडात काय घालत न्हाय."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. सापडलात, मी मनात म्हटलं.

"मग गोळ्या गेल्या कुठं?"

"आता औषध काय टाकून द्यायचं व्हय? आमचं मालक दुकान बंद करून उशिरा जेवत्यात. त्यास्नी देतो की."

आक्कांच्या यजमानांना रक्तदाबाचा त्रास नव्हताच. डॉक्टरांनी त्यांना लगेच बोलावून तपासलं, गोळी बंद केली. साहेबांना फोन काही त्यांनी लावला नाही. मला पत्र मिळालं, परीक्षाही पास झाले.

प्रमाणपत्र निपाणीला घरी आणलं, तेव्हा आईनं ते आधी देवापुढं ठेवलं. मग माझे वडील, आप्पा, खिळा ठोकायला म्हणून खुर्चीतून उठले आणि भिंत धरून परत खाली बसले.

"काय झालं आप्पा?"

"काय न्हाय गं. उठलं की गरगरतंय. लई दिवस झालं."

आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या दर महिन्याला मीच आणते. एक सकाळी, एक झोपताना. आत जाऊन तिचा डबा उघडला. रात्रीची पट्टी संपत आली होती.

"आई," मी तिथूनच विचारलं, "ही गोळी कोण खातं?"

आईनं आप्पांकडं बघितलं.