साडेपाच तासांची बेरीज

चौक गाव मागे पडलं तेव्हा भामाच्या टाचेला फोड आला होता आणि किशोरी पालखीपुढे अनवाणी नाचत होती. उरणहून पनवेलमार्गे निघालेली ही पालखी कार्ल्याच्या एकवीरेला चालली होती. पालखी किशोरीच्या माहेरच्या कोळ्यांची; भामा तिच्याच आग्रहाखातर आलेली. सगळ्यांबरोबर भामाही "उदो उदो" म्हणत होती, पण मनात देवीचं नाव घ्यावं तर मध्येच किशोरी येऊन उभी राही.

दोघी कोन गावाजवळच्या एका कंटेनर डेपोत कॉम्प्युटरच्या कामाला. भामा जुनी, किशोरी अलीकडची. किशोरीची आई उरणच्या बाजारात मासळी विकायची आणि लेकीनं आवाज आईचाच घेतला होता. साहेबांना ती तोंडावर म्हणायची, "सायेब, घाई तुमाला हाय, मशीनला नाय." साहेब हसायचे. भामा असं बोलली असती तर हसले असते का?

खरी ठिणगी पडली नव्या सर्व्हरवरून. जुना डेटाबेस विंडोजवर होता. तो आपला खालच्या मशीनचं घड्याळ बघायचा, आणि ते भारताचं होतं. नवा बसवला लिनक्सवर, तिथलं घड्याळ जागतिक वेळेचं. सकाळी अकराला आलेला ट्रेलर पहाटे साडेपाचला आला असं दिसायला लागलं. भामानं मान मोडून एकेका रिपोर्टात साडेपाच तास मिळवले. वेळा बरोबर आल्या. शाब्बास कुणी म्हटलं नाही. बरोबर चाललेल्या कामाला कोण म्हणतं?

मग किशोरीनं ते पाहिलं. "ताय, प्रत्येकाच्या ताटात मीठ वाढत बसलीस व्हय? टोपातच टाकू की!" तिनं सेटिंगच्या फाइलमध्ये डेटाबेसलाच सांगून टाकलं, तुझी वेळ भारताची; खाली विंडोज असो नाहीतर लिनक्स. एक ओळ. चाचणीच्या मशीनवर ते चाललं, तर साहेबांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं, वर वडापाव मागवले. भामानं आपला वडापाव तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

सोमवारी ती ओळ खऱ्या सर्व्हरवर जायची होती. त्याआधी भामानं घातलेल्या बेरजा काढणं भाग होतं, नाहीतर वेळा साडेपाच तास पुढे पळणार. ऑफिसातल्या सगळ्या बेरजा किशोरीनं शोधून काढल्या. एक मात्र तिला ठाऊक नव्हती. गेटवरच्या केबिनमधल्या जुन्या मशीनवर गेटपास छापणारा छोटा प्रोग्राम भामानं लिहिला होता, त्यातही तीच बेरीज होती. म्हणजे सोमवारी सकाळी दहाच्या ट्रेलरला दुपारी साडेतीनचा पास मिळणार, वॉचमन गाडी अडवणार, रांग हायवेला लागणार. मग साहेब कसे हसतात ते बघू.

भामानं हे किशोरीला सांगितलं नव्हतं. 'मी खोटं कुठं बोलले? तिनं विचारलंच नाही,' असं ती वाटभर देवीला समजावत होती. देवी काही मान डोलवत नव्हती.

खोपोलीला, घाट चढायच्या आधी, पालखी झाडाखाली टेकली. किशोरी तेलाची बाटली घेऊन आली.

"काय गो, पनवेलची राणी दमली? पाय दे इकडं."

"अगं नको, लोक बघतात."

"बघू दे. फोडच हाय, पैंजण नाय." तिनं भामाचा पाय ओढून मांडीवर घेतला नि टाचेला हलक्या हातानं तेल लावू लागली. भामाला वाटलं, हिनं इतकं चांगलं तरी वागू नये.

"ताय, मी नाचते ना, म्हणून लोकांना वाटतं मी निवांत हाय. सोमवारच्या भीतीनं ती एक ओळ मी रोज धा वेळा उघडून बघते."

"तुला कसली भीती? कौतुकच व्हायचंय तुझं." बोलणं आंबट निघालं, ते भामालाही कळलं.

"आज कौतुक करतात तेच उद्या पयले हसतात. बाजारात बघितलंय मी, आईच्या बाबतीत." किशोरीचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. पुढच्या माणसांनी पालखीला खांदा दिला, तरी ती उठली नाही.

"ती सगळी सिस्टीम तू उभी केलीस. माझ्या हातून काय राहिलं असंल तर ते तुलाच दिसणार, सायबाला नाय. दिसलं असंल तर सोमवारी चारचौघांत नको, ताय. आता इथंच सांग. सांगशील?"